आतली कड

"पडली असती तर फुटली असती," चैनसुख भूतडा म्हणाले. "ही पडलेली नाही, उस्ता. ही कुणीतरी उतरवून ठेवलीय."

अलारख सिलावट उकिडवा बसून लादीकडे बघत होता. रस्त्याकडची भिंत दाराशी येऊन जिथं चौकटीकडे वळते, त्या कोपऱ्यावर काल दिवस मावळायच्या आत त्यानं ती बसवली होती. आज सकाळी ती खाली, भिंतीला टेकून उभी होती. देखणी बाजू भिंतीकडे आणि पाठ बाहेर. टवका उडालेला नाही, ओरखडा नाही. पाठीवर चार टोकांना लावलेले सिमेंटचे चार गोळे जसेच्या तसे होते, आणि भिंतीवर मात्र त्यांचा कणसुद्धा उरला नव्हता.

"सिमेंट विटलेलं असेल," हासम मागून म्हणाला. हासम म्हणजे अलारखच्या बायकोचा धाकटा भाऊ. सपाट भिंतीचं काम त्याच्याकडे असे. "नाहीतर आमच्या जीजांचं वय झालं. कोपरे आता ओळख दाखवेनात."

"त्याच गोणीतलं सिमेंट तुझ्या भिंतीला आहे," अलारख म्हणाला.

"माझी भिंत माझ्यावर प्रेम करते, जीजा."

चैनसुखजी हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या पंचानं मान पुसली. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते, पण फलोदीचं वैशाखातलं ऊन तोवर गल्लीत उतरून बसलं होतं.

"आखातीजेच्या सणाआधी पाहुणे धापूला बघायला येणार आहेत," ते म्हणाले. "ते दारात उभे राहतील तेव्हा मला ही भिंत झाकलेली हवी. बाकी घर राहिलं तरी चालेल."

"आज बसवतो, शेटजी. पक्की बसवतो."

बोलताना अलारखनं वर बघितलं नाही. या कामात त्याची उमर गेली होती. फलोदी, पोकरण, पार बाप गावापर्यंत जिथं जिथं लोक जुन्या भिंतींवर जैसलमेरी पिवळ्या दगडाचा साज चढवत होते, तिथं सपाट काम कुणीही करी. कोपऱ्यांना आणि कडांना मात्र अलारखला बोलावणं जाई. दोन लाद्यांच्या कडा आतून तिरक्या कापून त्या कोपऱ्यावर अशा भिडवायच्या, की बघणाऱ्याला वाटावं इथं मूळचा एकच अखंड धोंडा आहे. तसं वाटलं की त्याचं काम झालं. पण गेल्या हिवाळ्यापासून त्याची बोटं सकाळी लवकर उघडत नव्हती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. खाली उतरलेली लादी बघताच त्याला आधी तीच बोटं आठवली. एका कोपऱ्याची बातमी या मुलखात चहाच्या टपरीवरून दुसऱ्या गावाला पोचायला किती वेळ लागतो?

त्यानं लादी मांडीवर घेतली आणि आपले दोन्ही पंजे आधी उताणे, मग पालथे करून बघितले.

"सुरू झाला नाच," हासम म्हणाला.

हा नाच बापानं शिकवला होता. तिरका काप लादी पालथी घालून घ्यावा लागतो, आणि पालथ्या लादीवर डावं ते उजवं होतं. चांगला चांगला कारागीर तिथं क्षणभर चकतो, उलट्या बाजूला पातं लावतो, आणि हजारदा घासून गुळगुळीत केलेला दगड वाया जातो. म्हणून काप घेण्याआधी पंजे बघायचे. अंगठा कुणीकडे होता, आता कुणीकडे गेला. अलारखची ही चूक आयुष्यात झाली नव्हती. आजही झालेली नव्हती. त्यानं गुण्या लावला, ओळंबा सोडला. सगळं जागच्या जागी होतं.

मग त्याची नजर उघड्या भिंतीवर गेली. काल घाईत त्यानं तिकडे नीट बघितलं नव्हतं. छातीच्या उंचीवर, जुन्या चुन्यावर, कुंकवाचा एक पंजा उमटलेला होता. उजवा हात. सासरी निघालेली मुलगी उंबऱ्याशी ठेवून जाते तसा. कुंकू उडून विटकरी झालं होतं, पण बोटांची पेरं मोजता आली असती.

"थोरलीचा," चैनसुखजी म्हणाले आणि आत गेले.

*

चहा आला. शेटजींच्या बायको गवराबाई दाराच्या आत, घुंघट हनुवटीपर्यंत ओढून उभ्या होत्या. परक्या पुरुषाशी त्या थेट बोलत नसत.

"धापू, त्यांना सांग, चहा गार होतोय."

धापू त्यांच्या मागेच होती. अठरा-एकोणिसाची, डोळे मोठे. तिनं काहीच सांगितलं नाही, कारण सगळ्यांनी ऐकलंच होतं. तिनं फक्त पेले पुढे सरकवले.

"धापू म्हणजे ‘पुरे झाल्या’ ना?" हासम नंतर कुजबुजला. "दुसरी पण मुलगीच झाली, तेव्हा ठेवलेलं नाव. देवानं ऐकलं बघा. आता ही एकच उरलीय."

"आणि थोरली?"

"सुगना. टपरीवर कळलं. नागौरकडे दिली होती. सासरच्या पाण्याच्या टाक्यात पडली. पाय घसरला म्हणे." हासमनं पेला उपडा केला. "टाक्याला लोखंडी झाकण असतं, जीजा. पाय घसरायला आधी ते उचलावं लागतं. पण शेटजी गेले, जेवले नाहीत, समजुतीच्या चार गोष्टी ऐकल्या आणि परत आले. विषय संपला."

अलारख पेला ठेवून उठला. मढ्यावरच्या गोष्टी चघळणं त्याला आवडत नसे.

दुपारी त्यानं लादी पुन्हा तयार केली. जुनी भिंत ओळंब्यात नव्हती, त्यामुळे कोपऱ्याशी लादी आणि भिंत यांच्यात बोटभर पोकळी राहत होती. अशी पोकळी राहिली की दगडकाम करणाऱ्या सिलावटांचा एक रिवाज असतो. शेवटची लादी लावण्याआधी दगडावर तीनदा टकटक करायची आणि हाक मारायची. पाल असते, खार असते, कधी चिमणीचं पिल्लू असतं. ते सावलीला म्हणून आत शिरतं आणि आपण त्याच्यावर दगड लावून मोकळे होतो. ते पाप नको. अलारख ही हाक हलक्या आवाजात मारी, लाजल्यासारखी, पण कधी चुकवत नसे.

गल्ली ओस पडली होती. शेळ्यासुद्धा सावलीला गेल्या होत्या. त्यानं तीनदा टकटक केली.

"कुणी आत असेल तर बाहेर ये. नंतर वाट नाही."

आत कुठेतरी खडा घरंगळल्यासारखा आवाज झाला. तो थांबला. पाल दिसेल म्हणून वाट बघितली. काही आलं नाही. एक थंड झुळूक तेवढी मनगटावरून गेली, ओली, शेवाळाचा वास असलेली. बाहेर अंग भाजणारी लू वाहत होती. त्यानं लादी दाबली, पाचर मारली, कड पुसली. कोपरा असा मिटला की नखसुद्धा शिरेना.

*

दुसऱ्या दिवशी तो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हाच त्याला चैनसुखजी दिसले. दारासमोर आडवी खाट, तिच्यावर ते बसलेले, डोळे लाल. लादी खाली उभी होती. पाठ बाहेर.

"मी रात्रभर इथं होतो," ते म्हणाले. "या खाटेवर."

"डोळा लागला असेल, शेटजी."

"मला झोप लागत नाही, उस्ता. सुगना गेली तेव्हापासून लागत नाही." एवढं बोलून ते उठले आणि आतल्या नळावर तोंड धुवायला गेले.

अलारखनं लादीकडे बघितलं. चार सिमेंटच्या गोळ्यांच्या मधली जागा कोरी असते. आज ती कोरी नव्हती. पिवळ्या दगडावर गडद, ओला पंजा उमटला होता. पाण्याचा. तळव्याच्या बुडाशी पाणी जमून एक थेंब खाली ओघळला होता.

"हासम," तो म्हणाला. "इकडे ये. हात लावू नको."

हासम आला. त्यानं वाकून बघितलं. "भिंतीला ओल आली असेल," तो मग म्हणाला. "तिच्यावरचा पंजा या लादीवर उठला."

"या भिंतीला? वैशाखात?"

"सिमेंटचं पाणी."

अलारखनं आपला उजवा पंजा वर धरला. मग तो पालथा केला. भिंतीवरच्या पंजाचा अंगठा डाव्या बाजूला होता. भिंतीवरून उठलेला ठसा लादीवर उलटा आला असता. अंगठा उजवीकडे गेला असता. आयुष्यभर तो एवढंच तर बघत आला होता.

लादीवरचा अंगठा डावीकडे होता.

"हा उठलेला नाही," तो म्हणाला. "हा ठेवलेला आहे. आतून."

ऊन छपरावरून उतरलं. त्यांच्या डोळ्यांदेखत करंगळी सुकली, मग बाकीची बोटं एकेक करून, आणि शेवटी तळव्याच्या जागी नुसता पिवळा दगड राहिला. अलारखला मनातून एक हलकेपणा वाटला आणि त्याच क्षणी त्याची लाज वाटली. दोष त्याच्या हाताचा नव्हता.

हासमनं खिशातून विडी काढली, पण पेटवली नाही. "जीजा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही रोज काय म्हणता? आत असेल तर बाहेर ये. कुणाला म्हणता?"

"पालीला."

"सुगनानं ते स्वतःला म्हटलंय असं धरलं, तर तिचं काय चुकलं? तुम्ही बोलावता, ती येते. आज हाक मारू नका. गप लादी लावा, गप घरी चला. दीदीनं आज कढी केलीय."

"हाक न मारता?"

"पाहुणे आपल्याला बघायला येणार नाहीयेत. आपल्याला हा कोपरा बंद करून सुटायचंय."

"बरोबर बोलतोय तो," चैनसुखजींचा आवाज आला. ते उंबऱ्यात उभे होते, तोंडावरचं पाणी न पुसता. कधीपासून उभे होते कळलं नाही. "आज हाक मारू नका, उस्ता."

अलारख त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं शेटजी हसतील, रागावतील, दोघांना वेड्यात काढतील. म्हणजे खाटेवर रात्रभर जागलेल्या या माणसानं काहीतरी ऐकलं होतं.

"घर माझं आहे, भिंत माझी आहे," चैनसुखजी म्हणाले. आवाज खाली होता. "तुम्ही दगड लावा."

*

अलारखनं गोळे तासून काढले, नवे लावले. लादी उचलून छातीशी धरली. आता फक्त पुढे व्हायचं आणि दाबायचं. पोकळीतून तीच थंडी आली. तोच वास. झाकण सरकवलं की जुन्या टाक्यातून येतो तो. भिंतीवरचा कुंकवाचा पंजा त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता. अंगठ्याजवळ एक बारीक रेघ होती. बांगडी टेकली असावी.

न बोलता दगड लावायला काही लागत नाही. उलट बोलायलाच काहीतरी लागतं. तरी त्याचे हात पुढे जाईनात. आत पाल असती तरी त्यानं सांगितलं असतं.

"काय झालं?" चैनसुखजींनी विचारलं.

"हात चालत नाही, शेटजी."

"दुसरा कारागीर आणू?"

"आणा. तोही सिलावटच असेल. हाक मारेल."

"मग बिगर हाकेची लादी कशी बसत नाही ते मी बघतो," चैनसुखजी म्हणाले आणि पुढे होऊन त्यांनी लादीला हात घातला. दगड जड होता आणि त्यांना सवय नव्हती. दोघांच्या हातांत ती लादी तशीच राहिली. इकडेही जाईना, तिकडेही.

"एकदा तिनं मारल्या होत्या हाका."

हा आवाज कुणाचा ते अलारखला आधी उमगलं नाही. गवराबाई उंबऱ्याबाहेर आल्या होत्या. घुंघट होता, पण त्या धापूशी बोलत नव्हत्या.

"अशीच दुपार होती. नागौरहून एकटी आली, बसनं. इथं उभी राहिली, याच कोपऱ्याशी, आपल्याच पंजावर हात ठेवून. बापूसा, दार उघडा म्हणाली. यांनी कडी लावून घेतली. दिलेल्या मुलीनं न बोलावता यायचं नसतं म्हणाले. मी आत होते. मीही उघडलं नाही." त्या थांबल्या. "चार वाजताच्या बसनं हे तिला परत सोडून आले. पाऊस पडायच्या आत निरोप आला."

चैनसुखजींनी लादीवरचे हात काढून घेतले. अलारखनं लादी सावरली आणि हलकेच खाली टेकवली. मग त्यानंच ती भिंतीला उभी केली आणि त्याच्या ध्यानात आलं, की दोन्ही सकाळी दिसली होती तशीच ती उभी राहिली आहे.

"लोक येतील," चैनसुखजी म्हणाले. ते बायकोकडे बघत नव्हते. "हे बघतील. विचारतील, हा कुणाचा? थोरली कुठे असते? काय सांगायचं? धापूचं होऊ द्यायचं नाही का तुला?"

"विचारू देत."

"आणि न विचारता निघून गेले तर?"

"हे बघूनही जे विचारणार नाहीत," गवराबाई म्हणाल्या, "त्यांच्या घरी मी धापूला देणार नाही."

धापू दाराच्या आत उभी होती. तिनं चौकट घट्ट धरली होती. ती आत गेली नाही.

चैनसुखजी ओट्यावर जाऊन बसले. समोरच्या भिंतीवर एक कबूतर येऊन गेलं. हासमनं एव्हाना विडी पेटवली होती आणि ती ओढायला विसरला होता. शेवटी चैनसुखजींनी खांद्यावरचा पंचा काढून गुडघ्यावर घडी घालून ठेवला.

"ऊन उतरायच्या आत होईल का?" त्यांनी विचारलं.

काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही. अलारखनंही विचारलं नाही.

"होईल, शेटजी."

*

त्यानं लादी पुन्हा मांडीवर घेतली. कोळशानं तिच्या मध्यावर कमान काढली. पंजा पुरा दिसेल आणि आणखी एक पंजा त्याच्यावर ठेवता येईल एवढी. लादी पालथी करण्याआधी त्यानं आपले हात बघितले, उताणे, पालथे. हासम या वेळी काही म्हणाला नाही. त्यानं पाण्याचा डबा धरला आणि पात्यावर धार सोडत राहिला.

कमान निघाली. आता कडा राहिल्या. अलारखच्या कामात कड म्हणजे धारदार, सरळ, बोट फिरवलं तर बोटाला जाणवेल अशी. लोक त्याला त्या धारेसाठीच बोलावत. आज त्यानं कानस घेतली आणि ती धार बोथट करायला सुरुवात केली. आधी कानशीनं, मग जाड काचकागदानं, मग बारीक कागदानं. पिवळी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली. बाहेरची कड लोण्यासारखी गोल झाली. मग त्यानं लादी पालथी घातली आणि आतल्या कडेला सुरुवात केली.

"जीजा," हासम हळूच म्हणाला, "ती बाजू भिंतीकडे जाणार. तिकडून कोण हात घालणार आहे?"

अलारखनं कानस थांबवली नाही. बोटं दुखत होती. ती दुखतात हे आज हासमला दिसत असावं, कारण त्यानं कागद स्वतःच्या हातात घेतला आणि दुसऱ्या टोकानं घासू लागला. दोघं मेहुणे समोरासमोर बसून, न बोलता, कुणालाही न दिसणारी ती कड घासत राहिले.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा लादी जागेवर चढली. कोपरा मिटला. बघणाऱ्याला वाटावं एकच धोंडा आहे, आणि त्यात कमानीएवढी जागा मूळचीच उघडी आहे. आत कुंकवाचा पंजा. अलारखनं टकटक केली नाही, हाकही मारली नाही. आज काही बंद होत नव्हतं.

गवराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि चार पावलांवर थांबल्या. चैनसुखजी ओट्यावरून उठले नव्हते, पण त्यांचं तोंड आता भिंतीकडे होतं.

अलारखनं कमानीतून अंगठा आत घातला आणि आतल्या कडेवरून सावकाश फिरवला, आतून बाहेर, एखाद्याचा हात येईल तसा. एका ठिकाणी दगड किंचित टोचला. त्यानं कागदाचा तुकडा बोटाला गुंडाळून तेवढी जागा पुन्हा घासली, फुंकर मारली आणि परत अंगठा फिरवला.

"आता लागत नाही ना?" त्यानं विचारलं. हाक मारायचा तशाच हलक्या, लाजऱ्या आवाजात.

मग हात बाहेर न काढता तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.